मिठाईच्या दुकानाचा काटा

तुळशीची माळ गळ्यात घालून आपण मिठाईचे दुकान सुरू करीत आहात, म्हणून गल्ल्यावर दिवा लावण्याआधी काट्याकडे पाहावे, असे मी सुचवेन. रिकामे खोके काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणल्याशिवाय त्यात पेढे भरू नका. खोक्याचे वजन पेढ्यांच्या भावाने विकणे कायद्याला मान्य नाहीच, पण ज्या हाताने आपण नैवेद्य दाखवतो, त्याच हाताने ही चोरी होत असते. (‘सगळेच करतात’ म्हणत सुरुवातीची दोन वर्षे मीही हेच केले.) इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वैधमापनशास्त्र विभागाकडून दरवर्षी करून घ्यावी.

सुट्या मिठाईच्या ताटापुढे ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास योग्य आहे हे लिहिण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. दिवाळीनंतर उरलेली बर्फी ताज्या ताटात मिसळण्याचा मोह होतो, तेव्हा त्या पाटीवर खरी तारीख लिहिणे किती जड जाते ते आपणांस कळेल. खवेवाल्याची उधारी थकवून वारकऱ्यांना पंगत घालू नका. कारागिरांचा बोनसही लक्ष्मीपूजनाच्या आधी द्यावा, म्हणजे त्यांच्या घरचा बाजार वेळेवर होतो.