कोंब फुटण्याचा गुण संकरातून येतो का?

प्रश्न : आमच्या नाशिकच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये टोमॅटोच्या दोन वाणांचे तुकडे एकाच माध्यमावर लावले. एकाला चार आठवड्यांत कोंब आले, दुसऱ्याचा नुसता कॅलस (आकार नसलेला पेशींचा गोळा) फुगला. पहिल्याचा गुण संकराने दुसऱ्यात आणता येईल का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : येईल. लागवडीच्या टोमॅटोत तो जंगली पेरुव्हियानम जातीतून आणला गेलाय. त्यातला आरजी-१ हा प्रभावी जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. भातात २००५ साली सापडलेला असा जनुक नायट्राइट रिडक्टेज या विकराचा (एन्झाइमचा) निघाला. कोशिहिकारी या भाताच्या वाणात हे विकर कमी पडतं, नायट्राइट साचतं आणि कोंब अडतात. दरवेळी संप्रेरकं बदलत बसण्यात अर्थ नाही, तो यामुळेच.

बाजारातलं संकरित बी पालक म्हणून घेऊ नका, त्याच्या पुढच्या पिढीत गुण आपोआप वेगवेगळे होतात. शुद्ध वाण घ्या आणि संकर उलटसुलट, म्हणजे प्रत्येक वाण एकदा माता आणि एकदा पिता धरून करा; फरक दिसला तर मातेकडचा प्रभाव तपासा. मग एफ-२ ची, म्हणजे संकरित रोपांच्या स्वपरागणातून आलेल्या पिढीची, ८० रोपं. ८-१० दिवसांची, खरी पानं फुटायच्या आत, बीजपत्रं (बीतून आधी निघणारी दोन पानं) कापा आणि त्यांचे तुकडे माध्यमावर ठेवा. शेंडा मुळांसकट वाढत ठेवा, नाहीतर चांगलं निघालेलं झाड हाती राहत नाही. माध्यम एमएस (मुराशिगे-स्कूग हे क्षारांचं नेहमीचं मिश्रण), लिटरला साखर ३० ग्रॅम, आगर ८ ग्रॅम, झिएटिन (कोंब फोडणारं संप्रेरक) १ मिलिग्रॅम, सामू (पीएच) ५.८. झिएटिन ऑटोक्लेव्हनंतर, निर्जंतुक गाळणीतून घाला. प्रत्येक बॅचला दोन्ही पालकांची डिश हवीच.

मोजायची रोपं, तुकडे नव्हेत. ८० रोपांचे ३२० तुकडे म्हणजे ३२० नमुने, हा घोळ फार होतो. हिरवा ठिपका कोंब नव्हे. पान आणि वाढता शेंडा दिसला तरच 'होय'.

समजा ५२ होय, २८ नाही. एका प्रभावी जनुकाच्या ३:१ साठी अपेक्षा ६०:२०, काय-वर्ग (अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतला फरक मोजणारी संख्या) ४.२७ येतो, ३.८४ ची मर्यादा ओलांडतो, म्हणजे जुळत नाही. दोन वेगवेगळे प्रभावी जनुक एकत्र लागतात असं धरलं तर ९:७, म्हणजे ४५:३५, काय-वर्ग २.४९, जुळलं. झिएटिनची मात्रा बदलली की हे प्रमाणही हलतं, म्हणून ती मधेच बदलू नका.

यानंतर दुसऱ्या वाणाशी पुन्हापुन्हा संकर, आणि दर पिढीत हीच चाचणी.

(केळीच्या लॅबवाल्यांनी घाबरू नये, तिथे कॅलसमधून कोंब काढायचे नसतात, आयता शेंडाच वाढवला जातो.)