प्रमाणपत्र फायलीत आहे; सातव्या मजल्यावर पाणी येते का?

आपल्या सात मजली इमारतीतील जाम झालेल्या लँडिंग व्हॉल्व्हविषयी, म्हणजे आग विझवण्याची नळी जोडण्यासाठी मजल्यावर बसवलेल्या पाण्याच्या व्हॉल्व्हविषयी, आपण विचारले आहे आणि 'जुलैचे प्रमाणपत्र आले आहे, काळजी करू नका' असे सचिवांनी सांगितल्याचेही लिहिले आहे. रत्नागिरीतील आमच्या सोसायटीत हेच उत्तर आम्ही वर्षानुवर्षे ऐकले, म्हणून सविस्तर लिहितो. मी अग्निशमन क्षेत्रातील तज्ज्ञ नाही. व्यवस्थापक समितीत असताना जे पाहिले, तेवढ्यापुरतेच बोलतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे आग विझवण्याची यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे आणि परवानाधारक एजन्सीचे तसे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते, हे आपल्याला ठाऊक असेलच. आमच्या एजन्सीचा माणूस मात्र तळमजल्यावर पंपाशेजारी उभ्या उभ्या सही करून गेला. वरच्या मजल्यावरील व्हॉल्व्हचे चाक खाऱ्या वाऱ्याने इतके गंजले होते की दोघांनी जोर लावूनही हलेना. पेटीतला होज, म्हणजे ती नळी, घड्यांवर चिरलेला, त्याच्या पितळी कपलिंगवर (जोडावर) हिरवा गंज चढलेला. आम्ही छायाचित्रांसह संबंधित कार्यालयात लेखी तक्रार केली, तेव्हा 'प्रमाणपत्र प्राप्त असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे' असे एका ओळीचे उत्तर आले. पाहणीला कोणीही फिरकले नाही. तेच पत्र सर्वसाधारण सभेत वाचून दाखवले गेले आणि दुरुस्तीचा ठराव बारगळला. ज्यांच्याकडे दाद मागायची, त्यांनीच हात झटकले, याची चीड मला आजही आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, सर्वांत वरचा व्हॉल्व्ह सभासदांसमोर उघडून पाणी दाखवल्याशिवाय एजन्सीचे बिल देऊ नये. पाणी सोडल्यावर पाइपमधला दाब उतरला की मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. पंपाचे नियंत्रण पॅनल 'मॅन्युअल'वर (हाताने सुरू करण्यावर) ठेवलेले असेल तर तो होणार नाही, आणि आमच्याकडे ते तसेच ठेवलेले होते. ही चाचणी मे महिन्यातही घ्या. आपल्याकडे पाणीटंचाई सुरू झाली की आगीसाठी राखलेल्या टाकीतले पाणी गुपचूप नळांना सोडले जाते, आणि त्या दिवसांत पंप उत्तम असूनही उपयोग शून्य.

मीटर रूमची तपासणी मात्र गणपतीच्या दिवसांत, रात्री करावी. वर्षभर बंद असलेले चाकरमान्यांचे फ्लॅट तेव्हा एकाच वेळी उघडतात, एसी, गीझर आणि रोषणाईचा भार एकदम चढतो, आणि दमट हवेने गंजलेली सैल जोडणी तेव्हाच तापते. जूनमध्ये, भार कमी असताना, थर्मल कॅमेऱ्याने (तापलेला भाग दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने) घेतलेली छायाचित्रे निर्दोष दिसली तरी त्यांवर विसंबू नये. तारा ज्या भोकांतून एका मजल्यावरून दुसऱ्यावर जातात, ती आगरोधक साहित्याने बुजवलेली आहेत का, हेही त्याच वेळी पाहा, कारण धूर त्याच वाटेने वर चढतो. उघड्या तारांना हात लावू नका. ते काम परवानाधारक वायरमनचे आहे.

बंद फ्लॅटच्या मालकांकडून जाताना सिलिंडरचा रेग्युलेटर आणि घरातला मेन स्विच बंद केल्याची लेखी नोंद घ्यावी, असा ठरावही करून घ्या. आमच्याकडे सुरुवातीला कुरकुर झाली. आता मंडळी निघताना रजिस्टर स्वतः मागून घेतात.