वाचक विचारतात : जेनेची मातीची मशीद

प्रश्न : आफ्रिकेतल्या माली देशात जेने गावची मोठी मशीद नुसत्या मातीची आहे म्हणे. आमच्या आजऱ्याच्या घराची मातीची भिंत दर पावसाळ्यात पोपडे टाकते. मग ती कशी टिकते?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पोपडे तीही टाकते. फरक एवढाच, की दरवर्षी पावसाच्या तोंडावर अख्खं गाव मिळून ती लिंपून काढतं. आजची इमारत १९०७ सालची. गवंड्यांचा म्होरक्या इस्माइला त्राओरे याच्या देखरेखीखाली ती उभी राहिली. चौथरा सुमारे ७५ मीटर लांब-रुंद आणि तीन मीटर उंच, म्हणजे बानी नदीचं पाणी चढलं तरी भिंतीच्या बुडाला लागत नाही. मातीची भिंत आधी बुडातूनच जाते, हे शिरोळकरांना सांगायला नको.

गिलाव्यासाठी नदीकाठचा गाळ आणतात. त्यात भाताचा कोंडा घालून, पाणी सोडून तो खड्ड्यात काही आठवडे आंबवतात आणि पोरं अधूनमधून तुडवतात. कोंडा कुजला की चिखलाला घाण वास येतो आणि चिकटपणाही. (तालमीच्या मातीत ताक-तेल मुरवणाऱ्या कोल्हापूरला यात नवल वाटू नये.) चिकणमाती जास्त झाली तर वाळताना भेगा पडतात, रेती जास्त झाली तर पहिल्याच सरीत गिलावा धुपतो. बायका नदीवरून पाणी आणतात, गवंडी चिखल हातानं थापत जातात.

पण दरवर्षी थरावर थर चढला की भिंतीचं वजन वाढतं. म्हणून अलीकडच्या डागडुजीत जुने थर खरवडावे लागले. नोव्हेंबर २००९ मध्ये २४ तासांत ७५ मिलिमीटर पाऊस झाला आणि दक्षिणेकडच्या मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला. गगनबावड्यात एवढ्या पावसाला कुणी पाऊस म्हणत नाही!

प्रश्न : भिंतीतून बाहेर आलेले लाकडी खुंट शोभेचे का?

उत्तर : शोभा आहेच, पण ती कायमची परांची आहे. ताडाच्या लाकडाचे हे खुंट साधारण दोन फूट बाहेर असतात. लिंपणारे त्यांवरूनच वर चढतात. गच्चीचं पाणी भाजक्या मातीच्या पन्हळींतून भिंतीपासून लांब पडतं. एकोणिसाव्या शतकात इथला राज्यकर्ता सेकू अमादू याला त्या वेळची जुनी मशीद नको होती, पण मशीद पाडणं धर्माला धरून नव्हतं. त्यानं पन्हळी बुजवल्या आणि उरलेलं काम पावसानं केलं, असं सांगतात.

प्रश्न : असा गिलावा आमच्या भिंतीला चालेल?

उत्तर : चालेल, पण आजऱ्याच्या पावसात वळचण निदान दोन फूट पुढं हवी. आधी भिंतीवर वीतभर जागेत तीन वेगवेगळी मिश्रणं लावा आणि आठवडाभर वाळू द्या. भेगाळेल त्यात रेती किंवा तूस वाढवा. बोट फिरवल्यावर भुकटी निघेल त्यात चिकणमाती. जुनी भिंत ओली करूनच हात फिरवा, नाहीतर थर सुटतो. वरून सिमेंट मात्र मारू नका. ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते.