निर्देशांकाशी बांधलेले गृहकर्ज घ्यावे का?

आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, पाच कोटी क्रोनांचे (क्रोना हे तिथले चलन) गृहकर्ज २५ वर्षांसाठी घेताना ग्राहक किंमत निर्देशांकाशी बांधलेले, कमी हप्त्याचे कर्ज घ्यावे की जास्त हप्त्याचे साधे, असे आपण विचारले आहे. महागाई मोजणारा हा निर्देशांक चढला की पहिल्या कर्जाचे मुद्दलही तितकेच चढते; साध्याचे चढत नाही. महागाई वाढली तर पगारही वाढेलच, हा आपल्या यजमानांचा भरवसा आहे. सहा वर्षांनी पुण्याला परतण्याचा विचारही आपण कळवला आहे आणि माझ्या मते खरा निर्णय त्यावरच ठरतो.

आधी भरवशाविषयी. आइसलँड हा सुमारे चार लाख वस्तीचा, बराचसा माल बाहेरून आणणारा देश आहे. तिथे क्रोना घसरला की धान्यापासून मोटारीपर्यंत सारे महागते, पगार मात्र कामगार संघटना आणि मालक यांच्यातल्या काही वर्षांच्या सामूहिक करारात अडकलेला असतो. १९८३ मध्ये महागाई ८० टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा पगाराची निर्देशांकाशी असलेली जोडणी तोडण्यात आली, कर्जाची मात्र तशीच राहिली. २००८ मध्ये क्रोना कोसळल्यावर ज्यांची अशी कर्जे होती, त्यांचे मुद्दल वाढत गेले आणि त्याच काळात पगाराची खरी किंमत आणि घरांचे भाव उतरले. अलीकडचे पाहायचे तर फेब्रुवारी २०२३ मध्ये महागाई १०.२ टक्क्यांवर होती, आणि मार्च २०२४ मध्ये खासगी क्षेत्रात झालेल्या चार वर्षांच्या करारात पहिल्या वर्षी ३.२५ व पुढे दरवर्षी ३.५ टक्के वाढ ठरली. ही संयत वाढ महागाई उतरावी म्हणूनच स्वीकारली गेली आणि ते मला शहाणपणाचे वाटते. पण महागाई उतरली नाही, तर तिचा भार कर्जदारावर पडतो.

आता हिशेब. समजा, निर्देशांकाच्या कर्जावर ४ टक्के व्याज आहे, साध्यावर ९ टक्के आणि महागाई सतत ४ टक्के. पहिल्याचा हप्ता सुमारे २ लाख ६४ हजार क्रोनांपासून सुरू होऊन दरवर्षी ४ टक्क्यांनी चढेल. दुसऱ्याचा, दर तोच राहिला तर, ४ लाख २० हजारांवर स्थिर राहील. सहा वर्षे नियमित हप्ते भरूनही पहिल्या कर्जाचे येणे सुमारे ५ कोटी ३३ लाख असेल, म्हणजे घेतले त्याहून अधिक. दुसऱ्याचे ४ कोटी ५८ लाख. घराचा भाव महागाईइतका वाढला तर पहिल्यातही नुकसान नाही, परंतु नेमक्या आपल्या परतीच्या वर्षी तो वाढलेला असेल, याची हमी कोण देणार?

म्हणून माझा सल्ला असा, की कर्जाचा मोठा भाग साधा ठेवावा आणि हप्ता झेपण्यापुरताच लहान भाग निर्देशांकाचा घ्यावा. बोनस किंवा शिल्लक हाती आली की ती आधी त्या लहान भागात भरावी; मुदतीपूर्वी भरण्यावर शुल्क किती, हे सही करण्याआधी बँकेकडून लेखी घ्यावे. हा मिश्र हप्ताही एका पगारात भागत नसेल, तर लहान घर पाहावे किंवा वर्षभर भाड्याने राहावे.

पुण्यातली मुदत ठेव मात्र घर घेताना स्वतः भरायच्या अग्रिम रकमेसाठी मोडू नये. क्रोना घसरेल तेव्हा मुद्दल फुगेल, पण त्याच वेळी त्या रुपयांचे क्रोना अधिक येतील, आणि अडचणीच्या दिवसांत हप्ता भरायला तीच ठेव उपयोगी पडेल.