बेसबॉलमधल्या फारशा प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूंचे अचाट पराक्रम कोणते?

बेब रूथसारख्या दिग्गजांच्या पलीकडचं विचारलंत, बरं केलंत. माझ्या यादीत पहिला हार्वी हॅडिक्स, आणि तो तर सामना हरला होता.

‘परफेक्ट गेम’ म्हणजे पिचरनं (चेंडू टाकणाऱ्यानं) नऊ इनिंगमध्ये (डावांत) समोर आलेले २७ च्या २७ बॅटर बाद करायचे, एकालाही पहिल्या बेसवर (धावताना गाठायच्या पहिल्या टप्प्यावर) पोचू द्यायचं नाही. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेच्या, जवळपास दीडशे वर्षांत हे जेमतेम दोन डझन वेळा घडलंय. २६ मे १९५९ रोजी पिट्सबर्ग पायरेट्सचा हा बुटका डावखुरा पिचर मिलवॉकीत ब्रेव्ह्जविरुद्ध उतरला, तोही सर्दीनं बेजार. त्यानं २७ जण काढले. पण त्याच्याच संघाला एक रन करता येईना, म्हणून सामना लांबला. दहावी, अकरावी, बारावी... ३६ आले, ३६ गेले. त्यांत हँक आरन होता, एडी मॅथ्यूज होता, दोघेही नावाजलेले बॅटर.

तेराव्या इनिंगमध्ये हॅडिक्सच्याच संघातल्या डॉन होकचा थ्रो चुकला आणि ब्रेव्ह्जचा पहिला माणूस बेसवर पोचला. मॅथ्यूजनं बंट करून (चेंडू हलकेच टोलवून) त्याला पुढे सरकवलं, आरनला मुद्दाम वॉक (न खेळता पहिला बेस) दिला आणि जो ॲडकॉकनं चेंडू कुंपणापार धाडला, म्हणजे होमरन. त्यातही गोंधळ! सामना संपला असं समजून आरननं धावणं अर्ध्यावर सोडलं, ॲडकॉक त्याला ओलांडून गेला, म्हणून होमरनचा डबल (दोनच बेसचा फटका) झाला. निकाल १-०. पायरेट्सनी त्या रात्री १२ हिट (बेस गाठून देणारे फटके) मारले होते, बरं का. बारा हिट आणि रन शून्य! पुढे १९९१ मध्ये नियम कडक झाला, शेवटपर्यंत एकही हिट गेला नसेल तरच नो-हिटर. हॅडिक्स त्या यादीतूनही गेला. मी काय केलं ते मला माहीत आहे, एवढंच तो म्हणाला.

जोएल यंगब्लडचा किस्सा हलकाफुलका. ४ ऑगस्ट १९८२ च्या दुपारी शिकागोत तो न्यूयॉर्क मेट्सकडून खेळत होता. पिचर फर्गसन जेनकिन्सच्या चेंडूवर हिट मारला आणि सामना चालू असतानाच कळलं, तुला माँट्रियल एक्सपोजला दिलंय. विमान पकडून संध्याकाळी फिलाडेल्फियात नव्या संघाकडून उतरला आणि पिचर स्टीव्ह कार्लटनच्या चेंडूवरही हिट मारला. एक दिवस, दोन शहरं, दोन संघ. दोन्ही पिचर पुढे हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत) गेले.

क्रिकेटवेड्यांना वेस्ट इंडीजचा अँडी गँटोम आठवेल: एकच कसोटी, ११२ धावा, सरासरी ब्रॅडमनच्या वर. बेसबॉलमधला त्याचा जणू भाऊच जॉन पॅचोरेक. १९६३ च्या सीझनच्या शेवटच्या दिवशी अठरा वर्षांचा हा पोरगा ह्यूस्टनकडून खेळला, तीनपैकी तीन हिट, दोन वॉक, चार रन. मग पाठीनं दगा दिला आणि मेजर लीगमध्ये तो पुन्हा दिसलाच नाही.

अगदी ताजा नमुना डॅनी जॅन्सन. जून २०२४ मध्ये तो टोरँटोकडून बॉस्टनविरुद्ध बॅटिंगला उभा असताना पाऊस आला, सामना थांबला. मधल्या काळात टोरँटोनं त्याला बॉस्टनलाच देऊन टाकलं. २६ ऑगस्टला तोच सामना पुढे सुरू झाला, तेव्हा त्याच्या जागी बॅटिंगला डॉल्टन वार्शो आला आणि त्याच्या मागे बॉस्टनचा कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) म्हणून बसला होता खुद्द जॅन्सन.