पहाटे कचरागाडीचा रिव्हर्सचा पीं-पीं आवाज बंद करायला सांगता येईल का? (लोकमान्य नगर, इंदूर)

तो बंद करायला कृपया सांगू नका. अंधारात रस्ता झाडणाऱ्या बायका गाडीच्या अगदी मागे वाकलेल्या असतात, आरशात त्या दिसतच नाहीत. भोंग्यावरच्या गाण्याचं वेगळं: २०००च्या ध्वनी नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाही, वस्तीत हॉर्नही नाही. त्याची तक्रार महापालिकेच्या ‘इंदौर ३११’ अॅपवर गाडीचा नंबर आणि वेळ टाकून जरूर करा. सोबत ब्रॉडबँड अलार्मची मागणीही करा. पीं-पींऐवजी तो खर्र-खर्र वाजतो. गाडीमागे नीट ऐकू येतो, गाडी कुठल्या बाजूनं येतेय ते कानाला लगेच कळतं आणि लांबच्या घरांपर्यंत पोचेस्तोवर आवाज बराच विरतो.