कमी खाल्लं की बाळंतपण सोपं होतं का?

प्रश्न : मला २६ वा आठवडा चालू आहे. उंची १५० सेंटीमीटर. दिवस राहण्याआधी वजन ४० किलो होतं, आता ४४.५ आहे. सासूबाई म्हणतात, "बेताने खा, बाळ मोठं झालं तर सिझर करावं लागेल." सोनोग्राफीत बाळ ठीक आहे. मग वजनाची काळजी करायची का?
– एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : हो, करायची. वजन किती वाढायला हवं हे सुरुवातीच्या वजनावर ठरतं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा : ४० भागिले २.२५, म्हणजे १७.८. हा आकडा १८.५ च्या खाली असेल तर नऊ महिन्यांत १२.५ ते १८ किलो वाढ अपेक्षित असते. चौथ्या महिन्यापासून आठवड्याला साधारण अर्धा किलो. तुमची चण लहान आहे, म्हणून खालची मर्यादा धरली तरी आजपर्यंत सहा किलोच्या आसपास वाढ व्हायला हवी होती.

सासूबाई काळजीपोटीच सांगतात, पण कमी खाल्ल्याने बाळाचं डोकं काही सोयीपुरतं लहान होत नाही. कमी होते ती त्याच्या अंगावरची चरबी आणि यकृतातली साखरेची शिल्लक. असं बाळ कळांचा ताण सोसताना लवकर थकतं, जन्मल्यावर गार पडतं, त्याची साखर उतरते. अडीच किलोच्या आतल्या बाळांत हे जास्त दिसतं. सिझर लागेल की नाही, हे कळांचा जोर, बाळाची स्थिती आणि तुमच्या कटीची घडण यांवर बरंच अवलंबून असतं. आणि उपाशी, रक्त कमी असलेल्या बाईला कळा सोसायला बळ कुठून येणार?

अजून वेळ गेलेली नाही. २८ व्या आठवड्यात बाळ जेमतेम एक किलोचं असतं. उरलेले दोन किलो त्यानंतरच भरतात. आजची सोनोग्राफी ठीक आहे ही चांगली गोष्ट, पण खरी परीक्षा पुढेच आहे. शिवाय सोनोग्राफीतलं वजन हा अंदाज असतो, त्यात दहा-पंधरा टक्के फरक पडतो.

रोजच्या जेवणावर ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी आणि मूठभर (३० ग्रॅम) भाजलेले शेंगदाणे वाढवले की साधारण ३५० कॅलरी होतात. गर्भारपणी एवढं जादा लागतंच. तुम्ही त्यावर एक पेला दूध आणि एक अंडं किंवा वाटीभर घट्ट वरण घ्या. एका वेळी जात नसेल तर पाच-सहा वेळा थोडं थोडं खा. लोहाची गोळी दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, ती अंगी लागत नाही. मध्ये दोन तास जाऊ द्या.

वजन आठवड्यातून एकदाच करा : सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. काटा फरशीवर ठेवा, चटईवर आकडा चुकतो. राहिलेली कसर एका महिन्यात भरून काढायची नाही. आठवड्याला अर्ध्या किलोची चाल धरली तरी ४० आठवड्यांना एकूण वाढ साडेअकरा किलो होते, म्हणजे खालच्या मर्यादेच्या जवळ. दोन आठवडे काटा जागचा हलला नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. तपासणीत पोट टेपने मोजून घ्या. या सुमारास सेंटीमीटरचा आकडा आठवड्यांइतकाच येतो. तीनने कमी आला तर बाळाची वाढ सोनोग्राफीने पुन्हा बघावी लागते.

प्रश्न : ३३ वा आठवडा. वजन नीट वाढत होतं, पण या आठवड्यात एकदम सव्वादोन किलो वाढलं. बाळ भरतंय म्हणायचं का?

उत्तर : नाही. या वयात बाळ आठवड्याला दोनशे-अडीचशे ग्रॅमच भरतं. एवढी उडी बहुधा अंगात साठलेल्या पाण्याची असते, आणि ती वाढत्या रक्तदाबाची खूण असू शकते. अंगठी घट्ट झाली आहे का, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते का, बघा. आजच रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं यांतलं काहीही असेल, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. मीठ तोडून हा रक्तदाब बरा होत नाही.